उणे बाजू

सुई सासूबाईंच्या हातात शिरली आणि कळ सुनेच्या पोटात उठली. रक्त घेणारी बाई सराईत होती. एका हातानं नळी भरत होती आणि दुसऱ्या हातानं छपाईच्या यंत्रातून बाहेर येणारी चिकटपट्टी तोडत होती. पट्टी नळीला गुंडाळताना तिच्यावरचा आकडा दिव्याखाली क्षणभर सरळ झाला. दोनशे चौदा कोटी सत्तेचाळीस लाख आणि पुढे काहीतरी. पुढचं वाचायची गरज नव्हती. इतकी वर्षं हा आकडा लांबच्या नातेवाइकासारखा होता. आहे, येईल कधीतरी, एवढंच. आता तो जिना चढून दारात चपला काढत होता. "काय गं, चक्कर येतेय का?" सासूबाईंनी विचारलं. "रक्त माझं काढतायत." रक्त घेणारी बाई हसली. "सुना असतातच हळव्या," ती म्हणाली. सासूबाई कापूस दाबून धरत म्हणाल्या, "ही नव्हे. ही माझ्याकडे बघतच नाही. नळीकडे बघते."

खरं होतं ते. नात्यागोत्यात तिचं नाव चांगलं होतं. कुणालाही तपासणीला जायचं असलं की ही सोबतीला तयार. चुलतसासऱ्यांची साखर, नणंदेचं थायरॉइड, जावेच्या आईचा कसलासा ताप. आपली कामं टाकून ती निघायची, रांगेत उभी राहायची, नळीवर पट्टी चिकटेपर्यंत हलायची नाही. सून असावी तर अशी, असं म्हणत लोक. ती आकडा बघायला जात असे. हवामान बघावं, कुणाच्या आजाराची बातमी काढावी, तसा. घरी आल्यावर मनातल्या मनात वजाबाकी करायची आणि जे उरेल ते जिभेखाली धरून ठेवायची. शेवटचा आकडा तिला पाढ्यासारखा पाठ होता: दोनशे चौदा कोटी चौऱ्याहत्तर लाख त्र्याऐंशी हजार सहाशे सत्तेचाळीस. त्याच्यापुढे एक पाऊल टाकायला जागा नव्हती. ती जागा ठेवू नका असं सांगणारा माणूस कोण होता हे तिला माहीत होतं, आणि ठेवा म्हणणारी ती होती.

या प्रयोगशाळेच्या संगणकातलं टेबल तिनंच केलं होतं, इथे नोकरीला असताना. टेबल म्हणजे रकाने आणि ओळी, त्यात काही जादू नाही. रक्ताच्या एका नळीतून वीस-तीस रीडिंग निघतात, प्रत्येक रीडिंगची एक ओळ. प्रत्येक ओळीला स्वतःचा असा आकडा लागतो, दुसऱ्या कुणाचा नसलेला. तो माणसानं द्यायचा नसतो, कारण माणूस विसरतो आणि दोघांना एकच देतो. डेटाबेस स्वतः देतो, एकापुढे एक, न थांबता. आणि एकदा दिलेला परत घेत नाही. ओळ पुसली तरी तिचा आकडा दुसऱ्याला मिळत नाही. जागा तशीच रिकामी राहते. हे तिला तेव्हा फार आवडायचं. माणसांच्या जगात असं नसतं. माणूस उठला की त्याच्या खुर्चीवर दुसरा बसतो आणि खुर्ची ऊबदार आहे याचंही त्याला काही वाटत नाही. तर आकडा आपोआप वाढतो खरा, पण कोणत्या मापाच्या भांड्यात वाढायचा हे आधी ठरवावं लागतं. एक लहान, चार बाइटचं. एक मोठं, आठ बाइटचं. मोठं घेतलं की पुढे कुणालाच, नातवंडांच्या नातवंडांनाही, त्याचा विचार करावा लागत नाही. लहान घेतलं की थोडी जागा वाचते, पण ते दोनशे चौदा कोटींवर भरतं.

जागा वाचवण्यात त्यांच्या साहेबांचा हातखंडा होता. तोंडावर सगळे त्यांना सर म्हणत, पाठीमागे काटकसर. पेन्सिलीचं टोक संपेपर्यंत वापरत आणि दुसऱ्यांची टोकंही गोळा करत. त्या बैठकीत ती उभी राहून म्हणाली होती, "सर, आकडा मोठा घेऊ. शाखा वाढल्या तर लहान पुरणार नाही." त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. त्या हालचालीची तिला आजही चीड येई. चष्म्याशिवाय ते बघत तेव्हा समोरचा माणूस धूसर झालेला त्यांना चालतोय असं वाटे. "घरात माणसं दोन," ते म्हणाले, "आणि पातेली लग्नघरची. बाईमाणूस आहे, साठवणारच." टेबलाभोवती हसू फिरलं. कोणी मोठ्यानं हसलं, कोणी मान हलवून. तिच्या शेजारी बसलेली, जिच्याबरोबर ती रोज डबा खायची, ती मैत्रीण तोंडावर हात ठेवून हसली. ते जास्त लागलं. "पण सर, शाखा वाढल्या तर?" तिनं पुन्हा विचारलं. एकदाच विचारलं असतं तर विसरताही आलं असतं. "वाढू देत गं. तोवर तू आजी झालेली असशील आणि मी भिंतीवर फोटोत." पुन्हा हसू. लहान आकडा ठरला. ते फोटोत गेले नाहीत. वर वर चढत गेले, नावापुढच्या पदव्या वाढल्या, आणि शाखा एका शहरातून दहा शहरांत पसरल्या.

एवढंच असतं तर तिनं ते पचवलं असतं, असं ती स्वतःला सांगायची, आणि सांगताना आपण पचवणाऱ्यांपैकी नाही हेही तिला कळायचं. बढतीच्या वेळी ते बोलले ते तिच्यापर्यंत फिरून आलं: काम चोख आहे, पण भित्री आहे, आभाळ कोरडं असताना छत्री उघडून बसते. भित्री हा शब्द तिच्या कपाळावर चिकटपट्टीसारखा बसला आणि मग जिथे जाईल तिथे तिच्या आधी पोचू लागला. आणि ती ओळ. त्या सगळ्या कामातली, टेबलातली नव्हे, प्रोग्रॅममधली एकच ओळ त्यांना मनापासून आवडली होती. अडचण अशी होती की शाखाशाखांतल्या यंत्रांची घड्याळं वेगळीच वेळ दाखवायची. एक पुढे, एक मागे, एक तर कायम मागच्या वर्षात. रुग्णाचा ताजा रिपोर्ट कोणता हे तारखेवरून काढायला गेलं की घोळ व्हायचा. तिनं एका दुपारी खिडकीशी उभ्या उभ्या ठरवलं की तारखेला विचारायचंच नाही. आकडा नेहमी वाढतो. म्हणून ज्याचा आकडा सगळ्यात मोठा, तोच सगळ्यात ताजा. घड्याळ खोटं बोलतं, आकडा बोलत नाही. घोळ संपला, आणि शोधही झटक्यात होऊ लागला. "सुंदर," काटकसर म्हणाले होते, आणि चष्मा खाली घेऊन तिच्याकडे नीट बघितलं होतं, त्या एकाच वेळी. पुढे मोठ्या सभागृहात त्यांनी हीच ओळ पडद्यावर दाखवली, 'मला सुचलं' असं म्हणाले. तीही शेवटच्या रांगेत होती. आभार मानताना त्यांनी चहा देणाऱ्याचंही नाव घेतलं. प्रत्येक पडद्याच्या तळाशी आजही बारीक अक्षरात लिहिलेलं असतं: रचना, आणि पुढे त्यांचं पूर्ण नाव, पदव्यांसकट. ती नोकरी सोडून गेली तेव्हा तिची जागा रिकामी राहिली नाही.

आता ती एका फर्निचरच्या कंपनीत मालाच्या नोंदींची टेबलं सांभाळायची. सगळीकडे मोठा आकडा घ्यायची. खुर्च्या दोनशे, जागा अब्जावधींची. कोणी हसत नसे, कारण कोणी बघत नसे.

रक्त दिल्यावर तीन-चार दिवसांनी, एका संध्याकाळी स्वयंपाकघरात तिनं सासूबाईंना सगळं सांगितलं. का सांगितलं कोण जाणे. नवरा असा की दुसऱ्याचं वाईट चिंतू नये म्हणून उठून जाईल. म्हातारीवर तिचा जास्त भरवसा होता. सासूबाई बटाटे सोलत होत्या, साल लांबच लांब निघत होती. मधे एकदा म्हणाल्या, "दात घासताना रक्त येतंय हल्ली," आणि तिनं हं म्हटलं आणि पुढे सांगत राहिली. आकडा संपला की काय होईल ते सांगितलं. नवी ओळ घालता येणार नाही. दहा शहरांतल्या नळ्या भरून पडतील आणि यंत्र म्हणेल, जागा नाही. मग शोधाशोध होईल, हा मूर्खपणा कुणाचा म्हणून, आणि पडद्याच्या तळाशी नाव तर आहेच.

"आणि तू काय करणार?" सासूबाईंनी विचारलं.

"काहीच नाही. बघणार."

"मग त्याला कसं कळणार?"

"काय?"

"की तू बघतेयस." सासूबाईंनी साल तुटू दिली नाही. "माझी जाऊ मला एकदा माणसांत काय बोलली होती ते तुला ठाऊक आहे. पुढे तिच्या घरी कार्य निघालं. गेले. पोटभर जेवले. पाणी मात्र तिथलं घोटभर घेतलं नाही, घरी येऊन प्यायले. जेवणावर कोण लक्ष ठेवतं? पण भरलेला पेला तसाच राहिला तो तिनं उचलला, तिच्या हातानं. तिला कळलं. ज्याला कळतच नाही तो सूड कसला, तो अपघात."

"फोन करीन मग. त्या दिवशी. नुसता आकडा म्हणीन आणि ठेवून देईन."

"बघ बाई." सासूबाई हसल्या आणि पदरानं ओठ टिपले. पदरावर एक तांबूस ठिपका उठला. तिच्या डोळ्यांना तो दिसला, तिला दिसला नाही.

तो आठवडा तिनं कधी नव्हे इतक्या आनंदात काढला. सासूबाईंच्या हृदयातली एक झडप कृत्रिम होती. तिच्यावर गुठळी धरू नये म्हणून रक्त पातळ ठेवायची गोळी घ्यावी लागे, आणि गोळी किती हे दर वेळी रिपोर्ट बघून ठरे. मागच्या वेळी रक्त घट्ट निघालं म्हणून डॉक्टरांनी गोळी वाढवली होती आणि आठवड्यानं परत बोलावलं होतं. म्हणजे आकड्याच्या अंताचा दिवस आणि सासूबाईंची पाळी जवळजवळ एकत्र. ती खुर्च्यांच्या ओळी भरता भरता मनात तो फोन लावून बघायची. तिकडून काटकसर हॅलो म्हणतील, त्या जुन्या आवाजात, ज्यात 'लो' जरा लांबतो. ती म्हणेल, दोनशे चौदा कोटी. ते गप्प होतील. ती शांतता किती लांबवायची यावर तिचे दुपारचे तास जात. कधी ते ओळखत, कधी ओळखत नसत. ओळखत नसत तेव्हा ती पुन्हा सुरुवातीपासून लावायची. नळ्या भरून पडतील म्हणजे त्यातल्या प्रत्येकीमागे एक हात आहे, एक माणूस आहे, हे तिला माहीत नव्हतं असं नाही. तो विचार दारात येऊन उभा राहायचा आणि ती त्याला बसा म्हणायची नाही.

ठरल्या दिवशी दवाखान्यात नेहमीचीच रांग होती. गडबड नाही, आरडाओरडा नाही, बंद पडलेलं काही नाही.  रक्त घेणारी बाई म्हणाली, "आजी, हातावर हे काळंनिळं कसलं?" "म्हातारी कातडी," सासूबाई म्हणाल्या. सुई गेली, नळी भरली, पट्टी आली. पट्टीवर तेच होतं, दोनशे चौदा कोटी. तिला वाटलं आकडा हललाच नाही. मग त्र्याहत्तर लाख दिसले. म्हणजे अजून थोडा उरलाय, तिनं धरलं; आज दुपारी, फार तर संध्याकाळी. आणि मग आकड्याच्या आधी एक बारीक आडवी रेघ दिसली. छपाईचा डाग असेल. तिनं पुढे वाकून बघितलं. डाग नव्हता. दुसरी नळी, पुढच्या माणसाची, तिच्यावरही रेघ.

उणे.

ती भिंतीला टेकली. कुणीतरी आकडा उचलून पलीकडच्या टोकाला नेऊन ठेवला होता. लहान भांड्याची ही गंमत तिला तेव्हाही माहीत होती: शून्याच्या वर जितकी जागा, तितकीच शून्याच्या खाली. मोजणी एकपासून सुरू केलेली, म्हणून खालची अर्धी बाजू कोरी करकरीत पडून. तिथे, अगदी तळाशी, मोजणारा नेऊन बसवायचा. तो उणे दोनशे चौदा कोटींवरून एकेक पायरी शून्याकडे चढू लागतो. टेबल बदलायला नको, यंत्रं थांबवायला नको, एका बाइटचीही जागा जास्त नको. संपलेल्या पेन्सिलीचं दुसरं टोक तासायचं. हे सुचणारा माणूस एकच होता. त्यांना माहीत होतं तर. कदाचित ते काल रात्री तेवढ्यापुरते खाली उतरले असतील, चष्मा कपाळावर सरकवून एक ओळ लिहिली असेल, आणि कुणीतरी सुंदर म्हणालं असेल. तिनं इतकी वर्षं जिभेखाली धरलेली गोष्ट त्यांनी एका ओळीत गिळून टाकली होती आणि त्यांना आणखी तेवढीच वर्षं मिळाली होती, फुकट.  "चल वर," सासूबाई म्हणाल्या. "की नळ्यांना निरोप द्यायचाय?"

वर बाकावर दोन तास बसल्यावर पाळी आली. डॉक्टरांच्या खोलीत तिला नीट ऐकूही येत नव्हतं. डॉक्टर मध्यम वयाच्या, घाईत असलेल्या, पण आवाज न चढवणाऱ्या बाई होत्या. पडद्याकडे बघत म्हणाल्या, "अजून घट्टच आहे रक्त. काही फरक नाही आजी, गोळी बरोबर घेताय ना? आणखी अर्धी वाढवू या." सासूबाई म्हणाल्या, "घेतेय की. उलट हिरड्यांतून रक्त येतंय, हे बघा, हात बघा." "म्हातारपणी होतं थोडं," डॉक्टर म्हणाल्या, आणि लिहू लागल्या.

हात बघा. तिनं पहिल्यांदाच बघितला. कोपरापासून मनगटापर्यंत जांभळे, हिरवट, काळे डाग. कुठे बोटाएवढे, कुठे तळहाताएवढे. पदरावरचा ठिपका आठवला, बटाट्याची साल आठवली. रक्त घट्ट असतं तर हे असं झालं नसतं. आणि त्याच क्षणी, कुणी पाठीमागून खांद्यावर हात ठेवावा तशी, ती खिडकीशी उभी असलेली दुपार तिच्यापाशी आली. ज्याचा आकडा सगळ्यात मोठा, तोच सगळ्यात ताजा. उणे आकडा सगळ्यात मोठा कसा असेल? तो तर शून्याच्याही खाली, पहिल्या दिवसाच्या पहिल्या नळीच्याही खाली. आजचा प्रत्येक रिपोर्ट सगळ्यात जुना ठरत होता, आणि मागचा ताजा म्हणून वर येऊन बसत होता. इथे, आणि दहाही शहरांत. काटकसरींनी आकडा खाली नेला. पण खाली नेल्यावर माणसं मारणारी ओळ त्यांची नव्हती.

"डॉक्टर," ती म्हणाली, "रिपोर्टची तारीख बघता का?"

"ताजाच आहे हा. वर लिहिलंय ताजा म्हणून."

"तारीख."

डॉक्टरांनी बघितली. कपाळाला आठी पडली. "मागच्या आठवड्याची. आजचा आला नसेल अजून."

"आलाय. अगदी तळाशी जा. सगळ्यात जुन्याच्याही खाली."

डॉक्टरांनी पडदा खाली सरकवला, वर्षं मागे मागे गेली, झडप बसवली तो महिना गेला, त्याआधीचं गेलं, आणि सगळ्याच्या तळाशी आजची तारीख होती. त्यांनी वाचलं: रक्त फारच पातळ. लिहिलेला कागद फाडला. मग हळूच म्हणाल्या, "आजी, गोळी आज बंद. उद्याही बंद. मी सांगेन तेव्हाच." सासूबाईंनी एकदा डॉक्टरांकडे आणि एकदा सुनेकडे बघितलं. "हिला कसं कळलं?" डॉक्टरांनी विचारलं, सासूबाईंना, जणू ती खोलीत नव्हती.

तिनं सांगितलं. भरभर, कोरडं, बातमी सांगावी तसं. आकडा संपत आला होता, उणे बाजूला नेला, ताजा ठरवायचा नियम त्यामुळे उलटा झाला. आता सगळ्या शाखांना कळवा, ताज्या रिपोर्टवर विसंबू नका, तारीख बघा, आज ज्यांच्या गोळ्या बदलल्या त्यांना फोन करा. डॉक्टरांनी तिथल्या तिथे मुख्य प्रयोगशाळेला फोन लावला.  तिला फोन हातात घेता आला असता. थेट काटकसरींना लावता आला असता; ते अर्ध्या तासात सगळं सरळ करून पुन्हा एकदा टाळ्या घेऊन गेले असते. म्हणून तिनं घेतला नाही. डॉक्टर बोलत होत्या, पलीकडचा आवाज चिरका होत चालला होता. त्यांनी मध्येच फोनवर हात ठेवला.

"ते विचारतायत, आकडा खाली नेला तो सरांनी, हे त्यांना माहितेय. पण हा सगळ्यात मोठा तो ताजा, हा नियम मुळात कुणी लिहिला? चौकशी लागेल म्हणतायत."

खोलीत पंखा होता, त्याचं एक पातं कुठेतरी घासत होतं. सासूबाई तिच्याकडे बघत होत्या. त्या ओळीची गोष्ट बटाटे सोलताना त्यांनी ऐकली होती, खिडकीसकट. ती ओळ माझी, असं म्हणायला तिला आयुष्यभर एक सभागृह हवं होतं. आता हे आलं होतं, तीन माणसांचं. मोठा आकडा घेतला असता तर ती ओळ कधीच खोटी ठरली नसती, हे खरं होतं. ती ओळ तिची होती, हेही खरं होतं.

"पडद्याच्या तळाशी नाव असतं," ती म्हणाली. "रचना म्हणून."

डॉक्टर डोळे बारीक करून वाकल्या. "हो, आहे. सरांचंच. एकट्याचंच आहे."

"मग त्यांचाच."

डॉक्टरांनी ते तसंच फोनमध्ये सांगितलं.

खाली येताना सासूबाईंनी जिन्यात तिचा हात धरला. त्यांना आधार लागत नसे. "खोटं बोललीस," त्या म्हणाल्या.

"नाही. लिहिलेलं वाचून दाखवलं."

"त्याला कळेल?"

"त्यालाच कळेल. आता सुटायचं तर त्याला माझं नाव घ्यावं लागेल. सगळ्यांसमोर. पहिल्यांदा."

"आणि नाही घेतलं तर?"

ती उत्तर देणार होती. ते तयारही होतं. नाही घेतलं तर ती ओळ त्यांची, कायमची, आणि तिचं तिथे काहीच उरणार नाही, सुंदरही नाही, चुकलेलंही नाही. जागाही रिकामी राहणार नाही. सासूबाईंनी वाट बघितली नाही. जिन्याच्या वळणावर थांबून त्यांनी कोपर पुढे केलं. सुईच्या जागेवरचा कापूस अजून तिथेच होता, चिकटपट्टीखाली, सकाळपासून. तो पांढरा राहिला नव्हता. तिनं तो उचलून बघितला, पुन्हा टेकवला आणि अंगठ्यानं दाबून धरला. वरून माणसं उतरत होती, खालून चढत होती, कुणी बाजूला व्हा म्हणालं. ती झाली नाही. अंगठ्याखाली काहीतरी कोमट, अगदी सावकाश, येतच होतं.